सहा शाळांचे आभार

“अंकुश बांगर?”

“हजर, गुरुजी. तोडीला. कारखाना बदलला त्यांनी, आता कर्नाटकात हाय.”

“कर्नाटकात कुठं?”

“निपाणीच्या अलीकडं.”

“शीतल खाडे?”

“हजर. तोडीला. ताप आलता तिला, आता उतरलाय म्हणं.”

उत्तरं देणारी मुलगी होती सोजर नागरगोजे, इयत्ता तिसरी. स्वतःच्या नावाला ती उठून उभी राहिली होती. तिच्याकडे सोपवलेल्या तिघांच्या नावांना मात्र ती बसल्या जागेवरून ओरडत होती. वर्गात मुलं नऊ, हजेरीपटावर नावं एकवीस. केकाण गुरुजींनी एकवीसही जणांची हजेरी मांडली. मग ते उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, अंकुश बांगरची लाल टिकली कोल्हापूरवरून उचलली आणि खाली निपाणीजवळ चिकटवली. टिकल्या त्यांच्या बायकोच्या होत्या.

मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. वहीत भराभर लिहून घेत होते. जानेवारी महिना होता. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आज सांगायला लाज वाटते, पण त्या नऊ मुलांकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की चला, आपला प्रबंध सापडला.

मी तेव्हा मुंबईत सार्वजनिक धोरण या विषयात एम. ए. करत होते. शेवटचं सत्र अख्खं प्रबंधाचं. मी विषय घेतला होता कमी पटाच्या शाळा. वर्षभराची सरासरी हजेरी वीसच्या खाली गेली की शाळा ‘समायोजित’ करायची, असं तेव्हा चाललं होतं. समायोजित म्हणजे बंद. कागदावर हा शब्द बरा दिसतो, एवढाच फरक. बालाघाटाच्या डोंगरातल्या सहा शाळा मी निवडल्या होत्या, कारण तिथली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती थेट एप्रिलमध्ये परततात आणि मुलं बरोबर नेतात. बोरमाळ वस्तीची शाळा माझ्या यादीत तिसरी होती. एक खोली, एक शिक्षक, पुढे लिंबाचं झाड.

दुपारी मुलं खिचडी खायला बसली तेव्हा मी गुरुजींना विचारलंच. मला आडवळणाने विचारता येत नाही. तेव्हा त्याचा मला अभिमानही होता.

“गुरुजी, ही हजेरी खोटी आहे ना?”

गुरुजी पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ते रागावले नाहीत.

“खोटी कशी, ताई? पोरं हायेत की. इथं न्हाईत एवढंच.”

“पण मांडलीये तर इथे हजर म्हणून.”

“मग काय मांडू? गैरहजर मांडलं तर सरासरी येती बारा-तेरा. शाळा गेली. एप्रिलात ती पोरं माघारी येतात, परीक्षा देतात, पास व्हतात. दर आठवड्याला मुकादमाला फोन करून कोण कुठल्या फडात हाय ते इचारतो मी. इथल्या पोरांना वाटून दिलेत ते. ज्याच्याकडं ज्याचं नाव, त्यानं त्याची खबर ठेवायची. नाहीतर चार महिन्यांत इसरतात एकमेकांना.”

“आणि शाळा गेली तर?”

“तर ही नऊ बी तोडीला. आज्यांपाशी राहिलीत ती शाळेसाठी अन् ह्या खिचडीसाठी. पुढची शाळा साडेपाच किलोमीटर, मधी घाट. ती सोजर बघा. तिची आजी धाडंल व्हय तिला एकटीला घाटातनं?”

सोजर तेव्हा दोन लहान्यांच्या ताटल्यांवर नजर ठेवून जेवत होती. कुणी खिचडीतले वाटाणे बाजूला काढले की ते उचलून आपल्या तोंडात टाकत होती.

मी म्हटलं, “गुरुजी, हे मला लिहायचंय. शाळा बंद करू नयेत असंच मी लिहिणार आहे. तुमच्या बाजूने.”

त्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत लावलं. मग म्हणाले, “लिहा. पर नाव येऊ देऊ नका.”

“तुमचं नाही येणार.”

“माझं जाऊ द्या वो. मला रिटायर व्हायला चौदा महिनेच राहिलेत. वस्तीचं नको. हे खात्यात कुणाला माहीत नसंल असं नाही, ताई. माहीत असून कुणी इचारत न्हाई तोवर चालतं. कुणी लिहून दिलं की मग त्यांनाबी इचारावं लागतं.”

“शब्द देते, गुरुजी. ना तुमचं नाव, ना वस्तीचं.”

त्या संध्याकाळी गुरुजींच्या घरी त्यांच्या पत्नी गयाकाकूंनी मला बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी वाढली. मी चार दिवस राहिले. चौथ्या दिवशी निघताना सोजरने विचारलं, तुमची बी टिकली लावायची का नकाशावर? गुरुजी हसले आणि त्यांनी मुंबईवर एक हिरवी टिकली लावली.

पुढच्या तीन शाळा मी उरकल्या म्हटलं तरी चालेल. तिथे बोरमाळसारखं काही नव्हतं. मुंबईला आल्यावर मी प्रबंधाचं चौथं प्रकरण एका दमात लिहिलं. बोरमाळला नाव दिलं ‘शाळा क’. त्या हजेरीला नाव दिलं ‘काळजीची हजेरी’. अर्थात इंग्रजीत. कागदोपत्री जे खोटं असतं ते कधीकधी माणसं टिकवून धरण्यासाठी असतं, असा माझा मुद्दा. माझ्या मार्गदर्शक डॉ. लिनेट रुमाव, वसईच्या, कडक बाई. त्यांच्याकडून चांगला शब्द निघणं म्हणजे भाग्यच. त्यांनी ते प्रकरण वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, “शलाका, हे तुझं स्वतःचं आहे. कुणाचं उचललेलं नाही. जप याला.”

त्यांनी तो प्रबंध पाच वेळा तपासला. वस्ती ओळखू येईल असा एकेक तपशील त्यांनी लाल पेनाने काढून टाकला. लिंबाचं झाड काढलं, घाट काढला, नकाशावरच्या टिकल्यासुद्धा काढायला लावल्या. टिकल्यांसाठी मी भांडले, पण त्यांनी ऐकलं नाही.

आता ऋणनिर्देशाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे ते पान सगळ्यात शेवटी लिहितात. प्रबंध बाइंडिंगला जायच्या दिवशी, डोळे तारवटलेले असताना. ते पान मार्गदर्शक तपासत नाहीत. ते ज्याचं त्याचं खासगी समजलं जातं. मी ते मराठीत लिहिलं, कारण मनापासून लिहायचं होतं. आईचे आभार मानले, होस्टेलवरच्या मैत्रिणीचे मानले, मॅडमचे मानले. आणि मग सहा शाळांचे, एका ओळीत एक, गावासकट आणि गुरुजींच्या नावासकट. ज्यांच्या घरी जेवले त्यांचं नाव न घेता आभार मानणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. तीन महिने मी ‘शाळा क’, ‘शाळा क’ करत होते, तरी ते पान टाइप करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरचे परीक्षक म्हणून शिक्षण खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी आले होते, जगदाळे साहेब. मी मनात एखादा जाडजूड, गुर्मीत बोलणारा माणूस रंगवला होता. आले ते नीटनेटके, हळू बोलणारे गृहस्थ. प्रबंधात जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांनी सगळा वाचला होता, आणि ते मला फार आवडलं.

तासभर त्यांनी आकडे, पद्धत, संदर्भ यावर विचारलं. मी धडाधड उत्तरं देत होते. मग ते चौथ्या प्रकरणावर आले.

“ही शाळा क. पटावर एकवीस, प्रत्यक्षात नऊ. तुम्ही मुलं मोजलीत?”

“हो सर. चार दिवस.”

“गावाचं नाव नाही, तालुक्याचं नाही. मी खातरजमा कशी करायची?”

मॅडम मध्ये बोलल्या. “सर, नाव न सांगण्याच्या अटीवर ही माहिती मिळालेली आहे. ते आम्ही सांगू शकत नाही. संस्थेचा नियम आहे.”

“बरोबर आहे,” जगदाळे साहेब म्हणाले. “नियम म्हणजे नियम. सोडा.”

आणि त्यांनी खरोखर सोडलं. पुढचे प्रश्न निष्कर्षांवर होते. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि मॅडम गुणपत्रकावर विभागप्रमुखांची सही आणायला खालच्या मजल्यावर गेल्या. खोलीत मी आणि ते दोघंच उरलो. पंखा फिरत होता. ते प्रबंध चाळत चाळत पहिल्या पानांवर आले आणि म्हणाले, “अरे वा, हे मराठीत लिहिलंय.” मग त्यांनी ऋणनिर्देश वाचायला घेतला. मनात नव्हे, मोठ्याने. आईचं वाचलं, मैत्रिणीचं वाचलं, मग शाळा वाचू लागले, गाव आणि गुरुजी, गाव आणि गुरुजी. तिसरं नाव बोरमाळचं आलं तेव्हा मी काय करून ठेवलंय ते मला कळलं.

वीसेक मिनिटांनी मी बाहेर पडले. मला सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. जगदाळे साहेबांनी हात मिळवला आणि प्रबंधाची त्यांची प्रत ब्रीफकेसमध्ये टाकली. “ही मी ठेवतो. वाचण्यासारखं काम आहे.”

जिन्यावर मॅडम माझं अभिनंदन करायला वळल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या.

“काय झालं?”

“मॅडम, ऋणनिर्देशात मी शाळांची नावं लिहिली आहेत. सहाही. त्यांनी वाचली.”

मॅडम जिन्याच्या पायरीवर बसल्या. कडक इस्त्रीची साडी, आणि त्या धुळीत तशाच बसल्या.

“ते पान मी कसं नाही वाचलं?” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या पुढे कित्येक वर्षं मला म्हणत राहिल्या. फोनवर, समारंभात, एकदा तर माझ्या लग्नाच्या पंगतीत.

ग्रंथालयाच्या दोन प्रती आणि विभागाची एक, अशा तीन प्रती आम्ही टेबलावर मांडल्या. मॅडमनी ऑफिसातून ब्लेड आणलं. मुळापासून पान निघत नव्हतं, शिलाईपाशी बोटभर पट्टी उरत होती. माझी स्वतःची प्रत पर्समध्ये होती, तीही कापली. चार पानं फाडून कचऱ्यात टाकली आणि आपण काहीतरी केलं असं वाटून घेतलं. चौथी प्रत कापताना मॅडम म्हणाल्या, “आजच्या आज त्या गुरुजींना फोन कर. सांग, असं झालंय, सावध राहा. जूनच्या आत काही करता आलं तर करतील.”

“करते,” मी म्हटलं.

नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. त्या दिवशी केला नाही, कारण काय बोलायचं ते सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मग आठवडा गेला आणि इतक्या उशिरा सांगायचं तरी कसं, हा एक नवीन प्रश्न तयार झाला. जूनमध्ये मला पुण्याच्या एका संस्थेत नोकरी लागली. सरकारी माणसांना प्रबंध वाचून शाळा तपासायला कुठे वेळ असतो, असं मी मनाला सांगितलं. मन ऐकत होतं, कारण त्यालाही तेच हवं होतं.

डिसेंबरात संस्थेच्या कामाने त्या भागात जाणं झालं. एक दिवस मोकळा होता. प्रत्येक शाळेला प्रबंधाची प्रत द्यायचं मी कबूल केलं होतं. जवळ होती ती पर्समधली तीच, पान कापलेली. मी फाट्यावर उतरून चालत वर गेले.

शाळेला कुलूप होतं. खिडकीचं एक दार मोडलेलं होतं आणि आत छतापर्यंत कडबा रचला होता. फळ्याचा वरचा कोपरा तेवढा दिसत होता. वस्तीत एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. पोर एकही नाही. मी तिथूनच मागे फिरू शकले असते. खरं सांगते, फिरलेही होते. पण गुरुजींनी मला वरून पाहिलं होतं.

“ताई! अवो ताई! इकडं!”

ते अंगणात बनियनवर उभे होते. खुरटी दाढी वाढलेली. पण चेहरा फुललेला. “अगं, बघ कोण आलंय,” असं आत ओरडले. गयाकाकू हाताला पीठ लागलेलं तशाच दारात आल्या, “बाई, किती वाळलीस,” म्हणाल्या आणि परत चुलीकडे गेल्या. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. मी खाटेवर बसले. गुरुजी समोर पोत्यावर बसले.

“शाळा...” मी म्हटलं.

“गेली. जुलैमधी आदेश आला.” त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. “जूनमधी तपासणीला आले. चौघं. मी म्हटलं येऊ द्या, जूनमधी समदी पोरं घरी असतात, एकवीसची एकवीस वर्गात. पर त्यांनी मागल्या वर्षीचा हजेरीपट मागितला. जानेवारीचं पान काढलं. नेमकं जानेवारीचं. अन् पोरांना इचारलं, जानेवारीत अंकुश बांगर कुठं होता?”

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

“सोजर उठली. हुशार पोरगी. हात बांधून म्हणाली, हजर साहेब, तोडीला.” गुरुजी हसल्यासारखे झाले. “शीतल खाडे? हजर साहेब, तोडीला. बाराही नावं सांगितली तिनं. कारखान्यासकट. साहेबांनी शाबासकी दिली तिला. तिला वाटलं परीक्षा चाललीये.”

आत तव्यावर भाकरी टाकल्याचा चर्र आवाज आला.

“मला निलंबित केलं. खोटी हजेरी. वर तांदळाचा आरोप, बारा पोरांची खिचडी मी खाल्ली म्हणून. ते जाऊ द्या, चौकशीत काय व्हायचं ते होईल.”

“आणि मुलं?”

“घाटाखालच्या शाळेत नावं घातली. तिघंजण जात होते सायकलवर. दिवाळीनंतर तेबी बंद. समदी गेली तोडीला. ह्या साली वस्तीवर एक पोर राहिलं नाही.”

“सोजर?”

“ती बी तोडीला हाय. सांगलीकडं.” ते खाली बघून पोत्याचा एक धागा ओढत राहिले. “मागल्या पंधरवड्यात फोन आलता. वाढं बांधायला लावलं होतं तिला. उसाचे शेंडे असतात ना, ते. मोळी धरली अन् बापाचा कोयता आला हातावर. डाव्या हाताची दोन बोटं गेली.”

मी रडायला लागले. गुरुजींना ते बघवेना. ते उठले, तांब्या-भांडं आणून ठेवलं, म्हणाले, “तुम्ही कशापायी रडता? पाणी प्या. ते पुस्तक आणलंय का? बघू द्या की.”

मी प्रत काढून दिली. त्यांनी हात बनियनला पुसून ती घेतली. इंग्रजी त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण ते एकेक पान अगदी हळू उलटत होते. सुरुवातीलाच त्यांचं बोट कापलेल्या पट्टीवर थांबलं.

“हितलं पान कुणी कापलं?”

मग मी सांगितलं. ऋणनिर्देश म्हणजे काय, तो कधी लिहितात, मी सहा शाळांची नावं कशी लिहिली, परीक्षकांनी ती कशी वाचली. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. आतला भाकरीचा आवाज थांबला होता. गयाकाकू ऐकत होत्या.

गुरुजींनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “असं झालं व्हय. मी म्हणत होतो, जानेवारीचंच पान कसं काढलं.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “आभारच मानले ना तुम्ही? काही वंगाळ तर लिहिलं नाही. व्हतं माणसाकडनं. घाईत राहून गेलं.”

“गुरुजी, माफ करा.”

“केलं माफ. जेवून घ्या आता. भाकरी गरम हाय.” आणि आत हाक मारली, “दोन ताटं घे गं.”

तेवढ्यावर ते संपलं असतं. मॅडमजवळ संपलं होतं, मैत्रिणीजवळ संपलं होतं, तसंच. पण गुरुजी शिक्षक होते. त्यांच्या हिशेबात काहीतरी बसत नव्हतं आणि ते सोडून देणं त्यांना जमत नव्हतं. पुस्तक मांडीवर ठेवून ते म्हणाले, “पर एक कळलं न्हाई, ताई. नावं सहा शाळांची व्हती म्हणता. पाच शाळांत तपासणी झाली नाही. भागातल्या समद्या शाळांत मी इचारलंय. जूनमधी चौघंजण गाडी घेऊन निघाले ते सरळ बोरमाळला. सहांतनं आमचीच कशी काढली त्यांनी?”

ते माझ्यावर संशय घेत नव्हते. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं.

त्या खोलीत पंख्याखाली काय झालं ते मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. जगदाळे साहेबांनी सहाही नावं वाचली, पान मिटलं आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले होते, “मी तीस वर्षं खात्यात आहे. ‘काळजीची हजेरी’ असा विचार मी कुठे वाचला नाही. सुंदर आहे. इतका सुंदर, की मला तो रचलेला वाटतो. मुलं एकमेकांची खबर ठेवतात, गुरुजी मुकादमांना फोन करतात. असं असतं का कुठे? तुम्ही हे कल्पनेने लिहिलं असलं तरी मी गुण कापणार नाही. फक्त खरं सांगा.” त्यांनी नाव विचारलं नव्हतं. हे मी परत परत आठवून पाहिलं आहे. त्यांनी नाव विचारलंच नव्हतं.

“गुरुजी,” मी म्हटलं, “ते पानावर नव्हतं. मी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“ते म्हणाले, तुम्ही हे रचलंय. मला राग आला. मी म्हटलं, रचलेलं नाही. बोरमाळ. केकाण गुरुजी. जानेवारीत गेले होते मी. जाऊन बघा.”

“जाऊन बघा म्हणालात?”

“हो.”

“त्यांनी धाकदपटशा केला काही? नापास करीन म्हणाले?”

“नाही. पास होतेच मी.”

“मग न्हाई सांगितलं असतं तर?”

“तर काही झालं नसतं, गुरुजी. त्यांना फक्त वाटलं असतं की मी रचलंय.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. ते खाटेवर माझ्या शेजारी ठेवलं, नीट, कडा खाटेच्या कडेला लावून. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांच्या पाठीमागून मला दोन ताटं दिसत होती, वाढलेली. भाकरी, पिठलं, कांदा.

“एक ताट काढून घे,” ते गयाकाकूंना म्हणाले. “मॅडम जेवायला थांबणार न्हाईत.”

ताट उचलल्याचा आवाज आला.

मी प्रत पर्समध्ये घातली आणि चपला घातल्या. गुरुजी अंगणाच्या कडेपर्यंत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की दीडची एसटी फाट्यावर आपणहून थांबत नाही, हात दाखवावा लागतो.